कावेरीचे पाणी, फसली साल आणि कराच्या तारखा

मे महिन्याच्या उत्तरार्धात तंजावर जिल्ह्यातील तालुका कचेऱ्यांपुढे गर्दी वाढू लागते. कुणाच्या हाती जमिनीचा पट्टा असतो, कुणाच्या हाती वारसनोंदीचा अर्ज, कुणाच्या हाती नुसतीच तक्रार. गावोगावच्या महसुली वह्या त्या दिवसांत कचेरीत आणून तपासल्या जातात आणि वर्षाचा हिशेब मिटविला जातो. या सोहळ्याचे तमिळ नाव ऐकून महाराष्ट्रातून गेलेला प्रवासी क्षणभर थबकतो. कारण ते नाव ‘जमाबंदी’ असेच आहे. ज्या वर्षाचा हिशेब मिटतो त्याला तेथे ‘पसली’ म्हणतात, म्हणजे आपले फसली साल. शेतसाऱ्याचा हप्ता ‘किस्ती’, गोळा झालेली रक्कम ‘वसूल’, राहिलेली ‘पाक्की’ आणि भरल्याचा कागद ‘रसीदु’. फारसीतून दख्खनच्या दफ्तरांत आणि तेथून कावेरीच्या खोऱ्यात गेलेल्या या शब्दांपैकी किती मराठ्यांच्या कारकिर्दीत रुळले आणि किती नवाबाच्या वा कंपनीच्या अमलात, याचा निवाडा भाषाभ्यासकांनी करावा. व्यापाऱ्याच्या दृष्टीने एवढे खरे, की कराची तारीख चुकण्याची धास्ती या गावात फार जुनी आहे आणि तिची भाषा मराठी कानाला परकी नाही.

तंजावरवर भोसल्यांचे राज्य आले ते इ. स. १६७६ च्या सुमारास, शिवछत्रपतींचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांच्यामुळे. ते पुढे जवळजवळ पावणेदोनशे वर्षे, १८५५ मध्ये दुसरे शिवाजीराजे निपुत्रिक वारेपर्यंत टिकले. बृहदीश्वराच्या भिंतीवर १८०३ मध्ये कोरलेला भोसले वंशाचा मराठी शिलालेख पर्यटकांना आवर्जून दाखविला जातो. मात्र या राजवटीचा रोजचा संसार पाहावयाचा तर तो दगडावर नव्हे, कागदावर पाहावा लागतो. सरस्वती महाल ग्रंथालयात मराठा दफ्तराची मोडी लिपीतील तेराशेहून अधिक बाडे होती. त्यांचा अभ्यास तेथे आणि १९८१ मध्ये स्थापन झालेल्या तमिळ विद्यापीठात होत आला. देवळांचा खर्च, अन्नछत्रांचा शिधा, कारागिरांची मजुरी, खरेदी आणि नेमणुका यांच्या त्या नोंदी आहेत. वाचून डोळे दीपावेत असे त्यांत फारसे काही नाही. तारीख, रक्कम, कोणास दिली आणि कशाकरिता दिली, एवढेच. पण कोणताही करसल्लागार आपल्या अशिलाकडे वर्षअखेरीस नेमके हेच मागतो!

त्या काळी राज्याचा वाटा बहुतांशी धान्यात असे. पिकातील सरकारी हिश्शाला ‘मेलवारम्’ आणि कसणाऱ्याच्या हिश्शाला ‘कुडिवारम्’ म्हणत. खळ्यावर रास पडल्याशिवाय वाटणी नाही आणि वाटणीशिवाय वसुली नाही. म्हणजे मुदत ठरवीत असे ती कावेरी. पाणी वेळेवर आले तर पीक वेळेवर आणि पीक वेळेवर तर सारा वेळेवर. २५ ऑक्टोबर १७९९ च्या तहाने सरफोजीराजांनी राज्यकारभार कंपनीच्या हाती दिला आणि त्याबदली वर्षाला एक लाख पागोडे व निव्वळ महसुलाचा पाचवा हिस्सा पत्करला. या कराराने एक गमतीचा बदल घडविला. जो राजा काल कर घेत होता, तोच आता हिशेब पुरा होण्याची वाट पाहणारा वाटेकरी झाला. वर्ष कोठे संपते आणि निव्वळ रक्कम कशी काढावयाची, हे प्रश्न त्याच्या पोटाशी येऊन भिडले.

फसली सालाची गोष्ट येथे थोडी सविस्तर सांगण्यासारखी आहे. मोगल अमदानीत चांद्र हिजरी वर्ष आणि सौर पीकवर्ष यांचा मेळ बसेना. चांद्र वर्ष सुमारे अकरा दिवसांनी लहान असल्यामुळे साऱ्याची तारीख दर वर्षी मागे सरके आणि उभ्या पिकावरच कारकून येऊन ठेपे. म्हणून पिकाशी बांधलेले वेगळे साल काढण्यात आले. मद्रास इलाख्यात ते पूर्वी १२ जुलैच्या सुमारास सुरू होई. १८५५ पासून ते १ जुलैवर आणण्यात आले. तंजावरची गादी खालसा झाली तेही हेच वर्ष, हा योगायोग. इसवी सनातून ५९० वजा केले की तेथील चालू फसली मिळते; १ जुलै २०२५ रोजी फसली १४३५ सुरू झाले. महाराष्ट्रात महसुली वर्ष १ ऑगस्ट ते ३१ जुलै असे धरतात, त्यामुळे एकाच देशातील दोन तलाठ्यांचे नववर्षदिन महिन्याच्या अंतराने येतात.

आणि वित्तीय वर्षाचे काय? भारत सरकारचे हिशेबी वर्ष १८६६ पर्यंत १ मे रोजी सुरू होत असे. १८६७ पासून ते इंग्लंडच्या सरकारी वर्षाशी जुळवून १ एप्रिलवर आणले गेले. त्यात ना कावेरीचा विचार होता, ना कृष्णेचा. व्यापारी मात्र आपापल्या पाडव्याला वह्या बदलत राहिले. महाराष्ट्र-गुजरातेत दिवाळी, तमिळ मुलुखात चित्रै महिन्याचा पहिला दिवस. प्राप्तिकर कायदाही बराच काळ या विविधतेला सांभाळून घेई आणि व्यापाऱ्याला स्वतःचे हिशेबी वर्ष निवडता येई. ती मोकळीक १९८९-९० या करनिर्धारण वर्षापासून संपली आणि सर्वांसाठी ३१ मार्च ही एकच अखेर ठरली. तंजावरच्या जुन्या पेढ्यांवर आजही नवी वही उघडताना पहिल्या पानाच्या माथ्यावर ‘पिळ्ळैयार सुळि’ हे गणेशाचे वळणदार चिन्ह काढतात, आपल्याकडे ‘श्री’ लिहितात तसे. सरस्वतीपूजेला वह्यांपुढे हळदकुंकूही वाहिले जाते. कर मात्र त्या वहीप्रमाणे आकारला जात नाही. तो मार्चअखेरच्या वहीप्रमाणे आकारला जातो. म्हणून तेथील एखाद्या तांदूळ गिरणीमालकाच्या भिंतीवर चार वर्षे एकाच वेळी चालू असतात: जमिनीसाठी फसली, व्यवसायासाठी वित्तीय वर्ष, नगरपालिकेसाठी सहामाही आणि घरच्यांसाठी पंचांग.

पीक आणि हप्ता यांचा न जुळणारा ताल

या भूमीवर मेट्टूर धरणाचे पाणी सोडण्याची परंपरागत तारीख १२ जून. १९३४ मध्ये पुऱ्या झालेल्या या धरणाचे दरवाजे कोणत्या दिवशी उघडतात यावर कुरुवै पिकाचे भवितव्य असते आणि त्या पाठोपाठ खताचे दुकानदार, ट्रॅक्टरवाले, गिरण्या आणि कापडपेठ यांचेही. बरोबर तीन दिवसांनी, १५ जूनला, आगाऊ प्राप्तिकराचा पहिला हप्ता येतो. वर्षाचा अंदाजी कर दहा हजार रुपये वा अधिक असेल तर १५ जूनपर्यंत १५ टक्के, १५ सप्टेंबरपर्यंत एकूण ४५, १५ डिसेंबरपर्यंत ७५ आणि १५ मार्चपर्यंत पूर्ण भरणा व्हावा, अशी ही रचना आहे. शेतीचे उत्पन्न केंद्रीय प्राप्तिकरातून मुक्त असले तरी शेतीवर जगणाऱ्या दुकानाचे उत्पन्न मुक्त नाही. खतविक्रेत्याने जूनमध्ये माल उधारीवर दिलेला असतो, पैसा यावयाचा असतो सुगीनंतर, आणि कराचा हप्ता मात्र त्यापूर्वी उभा राहतो.

कारागिरांचे गणित आणखी निराळे आहे. तंजावरची चित्रे, म्हणजे फणसाच्या लाकडाच्या फळीवर कापड ताणून, त्यावर खडूच्या लगद्याने उठाव देऊन सोन्याचा वर्ख चढविलेल्या त्या देवदेवता, सरफोजीराजांच्या आश्रयाने विशेष बहरली, असे मानले जाते. त्यांना भौगोलिक मानांकनही लाभले आहे. मान डोलविणाऱ्या बाहुल्या, एकाच लाकडातून कोरलेल्या वीणा, नाच्चियारकोविलचे दिवे, स्वामिमलैच्या पंचधातूच्या मूर्ती ही याच परिसराची देणगी. बाहुल्यांचा खप नवरात्रातील ‘कोलु’च्या मांडणीआधी, चित्रांचा लग्नसराईत आणि सणासुदीत. गायकवादकांची मिळकत बहुतेक मार्गळी महिन्यात, म्हणजे डिसेंबर-जानेवारीत, जेव्हा चेन्नईतील सभा आणि पाठोपाठ तिरुवैयारूचा त्यागराज आराधना उत्सव येतो. अशा माणसाने जूनमध्ये वर्षाचे उत्पन्न कसे सांगावे?

या अडचणीवर कायद्यात एक सोय आहे आणि ती पुष्कळांना पुरेशी ठाऊक नसते. ठरावीक मर्यादेपर्यंत उलाढाल असलेल्या लहान व्यावसायिकास अनुमानित उत्पन्नाची पद्धत स्वीकारता येते. व्यापारात ही मर्यादा दोन कोटी रुपये आहे. रोखीचे व्यवहार पाच टक्क्यांच्या आत असतील तर तीन कोटी. उलाढालीच्या किमान आठ टक्के, आणि बँकेमार्फत आलेल्या रकमेवर सहा टक्के, नफा धरला की खतावणीच्या तपशिलात शिरावे लागत नाही. वैद्यक, वकिली, वास्तुरचना अशा निर्दिष्ट व्यवसायांसाठी हे प्रमाण पन्नास टक्के आहे. या पद्धतीने कर भरणाऱ्यांना आगाऊ कराचे चार हप्ते नाहीत. १५ मार्चपर्यंत एकदाच सारा कर भरला की झाले. नवरात्राची विक्री झालेली असते, मार्गळी सरलेली असते, पोंगलही होऊन गेलेले असते. फसली सालामागचा जो विचार होता, की पीक हाती आल्यावर सारा मागावा, त्याच्या सर्वांत जवळ जाणारी आजची तरतूद बहुधा हीच.

पण १५ मार्च ही एकच तारीख असल्यामुळे ती विसरण्याचा संभवही मोठा. समजा, एखाद्या चित्रकाराचा वर्षाचा कर साठ हजार रुपये आहे. ‘जुलैत विवरणपत्राबरोबर भरू’ म्हणून त्याने मार्चमध्ये काहीच भरले नाही. मार्चचा हप्ता चुकल्याबद्दल एक टक्का म्हणजे ६०० रुपये व्याज, शिवाय एप्रिल, मे, जून, जुलै अशा चार महिन्यांचे दरमहा एक टक्क्याने २,४०० रुपये. विवरणपत्र अगदी वेळेवर भरूनही तीन हजारांचा भुर्दंड. एवढ्या पैशांत बऱ्यापैकी वर्ख आला असता.

महिन्याच्या तारखा

प्राप्तिकर वर्षातून मोजक्या वेळा दार ठोठावतो. वस्तू व सेवा कर दरमहा. मासिक विवरणपत्रे भरणाऱ्यांना विक्रीच्या बीजकांचा तपशील, म्हणजे जीएसटीआर-१, पुढील महिन्याच्या ११ तारखेपर्यंत आणि करभरणा व जीएसटीआर-३बी २० तारखेपर्यंत द्यावे लागते. पाच कोटींपर्यंत उलाढाल असणाऱ्यांना तिमाही विवरणाचा पर्याय आहे. त्यात तिमाहीच्या पहिल्या दोन महिन्यांचा कर २५ तारखेपर्यंत नुसत्या चलनाने भरावयाचा, तिमाहीनंतर बीजकांचा तपशील १३ तारखेपर्यंत आणि ३बी, तमिळनाडू व महाराष्ट्र दोन्ही राज्यांत, २२ तारखेपर्यंत. आपसमेळ योजनेतील, म्हणजे कंपोझिशनमधील, लहान दुकानदाराला तिमाहीनंतर १८ तारीख आणि वर्षाच्या विवरणपत्रासाठी ३० जून. ही शेवटची तारीख पूर्वी ३० एप्रिल होती. २०२४-२५ या वर्षापासून ती पुढे नेण्यात आली, आणि जुने भित्तिपत्रक टांगून ठेवणाऱ्यांना अजूनही ते ठाऊक नसते. कंपोझिशनवाल्याने आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी, की ही योजना घेतलेल्यास सर्वसाधारणपणे परराज्यात माल विकता येत नाही. तंजावरच्या चित्राला मागणी पुण्या-मुंबईतून येत असेल, तर तारखांच्या सोपेपणावर भाळण्याआधी याचा विचार हवा.

पगारातून वा इतर देयकांतून कर कापणाऱ्यांना पुढील महिन्याची ७ तारीख. मार्चच्या कपातीसाठी ३० एप्रिल. कापलेल्या कराची तिमाही विवरणपत्रे ३१ जुलै, ३१ ऑक्टोबर, ३१ जानेवारी आणि ३१ मे रोजी. ज्यांच्या पैशातून कर कापला गेला त्या कलावंतांचा एक समज येथेच दूर करावा लागेल. सभेने मानधनातून कर कापला म्हणजे आपले काम संपले, असे नाही. कापलेला कर परत मिळावयाचा असेल तर विवरणपत्र भरलेच पाहिजे, आणि ज्याने तो कापला त्याने स्वतःचे तिमाही विवरण वेळेवर भरले नसेल तर ती रक्कम कलावंताच्या खात्यावर उमटतच नाही. एकाची तारीख चुकते आणि दुसऱ्याचा पैसा अडतो.

हा परस्परसंबंध वस्तू व सेवा करात तर अधिकच कडक आहे. विक्रेत्याने ११ तारखेपर्यंत बीजके दाखल केली तर १४ तारखेला तयार होणाऱ्या तक्त्यात ती खरेदीदाराला दिसतात आणि त्यावर भरलेल्या कराची वजावट मिळते. न केल्यास ती वजावट पुढच्या महिन्यावर जाते. विलंब शुल्क तसे फार जबर नाही. करदेय विवरणपत्रास दिवसाला ५० रुपये, निरंक विवरणपत्रास २० रुपये, आणि दीड कोटीपर्यंतच्या उलाढालीस एका विवरणपत्रामागे अधिकाधिक दोन हजार (निरंक असल्यास पाचशे). मात्र थकलेल्या करावर वर्षाला १८ टक्के व्याज आहे, आणि लागोपाठ दोन महिने विवरणपत्र थकले की मालवाहतुकीचे ई-वे बिल निघणे बंद होते. सहा महिने थकले तर नोंदणीच रद्द होऊ शकते. गिरणीच्या दारात ट्रक भरून उभा आणि बिल निघत नाही, हा प्रसंग दोन हजारांच्या शुल्कापेक्षा पुष्कळ महाग पडतो. शिवाय मूळ मुदतीपासून तीन वर्षे उलटली की जुने विवरणपत्र आता दाखलच करता येत नाही.

स्थानिक करांचे एक वेगळेच कोष्टक आहे. तमिळनाडूत व्यवसायकर आणि मालमत्ताकर सहामाहीने आकारतात. एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च असे हे अर्धे भाग. मालमत्ताकर सहामाहीच्या पहिल्या तीस दिवसांत भरल्यास पाच टक्के सूट मिळते, कमाल पाच हजार रुपयांपर्यंत. १८६६ मध्ये नगरपालिका आणि २०१४ मध्ये महानगरपालिका झालेल्या या शहरातील व्यापाऱ्याला म्हणून एप्रिल आणि ऑक्टोबर हे दोन महिने लाभाचे. महाराष्ट्रातील व्यवसायकराची नोंदणी घेतलेल्या स्वयंरोजगारितास मात्र वर्षाचे अडीच हजार रुपये ३० जूनपर्यंत भरावे लागतात. दोन्ही राज्यांत दुकान असणाऱ्याने एका राज्याच्या सवयीवर दुसऱ्याची तारीख धरू नये.

२०१८ चा नोव्हेंबर

मुदतवाढीविषयी आपल्या व्यापारी वर्गात एक श्रद्धा आहे, की शेवटी तारीख वाढतेच. तिची परीक्षा तंजावरने २०१८ मध्ये दिली. १६ नोव्हेंबरच्या पहाटे ‘गज’ चक्रीवादळ वेदारण्यमच्या परिसरात किनाऱ्यावर आदळले आणि जमिनीवर आत शिरले. पट्टुक्कोट्टै, पेरावूरणी, ओरत्तनाडू या तंजावर जिल्ह्यातील नारळपट्ट्यात वर्षानुवर्षांची झाडे मुळासकट आडवी झाली. ज्या ओरत्तनाड्यात सरफोजीराजांनी मुक्तांबाळच्या नावे छत्र उभारून यात्रेकरूंना अन्न घातले, तेथे आता गावकरीच अन्नाच्या गाडीची वाट पाहू लागले. विजेचे खांब हजारोंनी कोसळले. अनेक गावांत कित्येक दिवस वीज नव्हती.

आणि चार दिवसांनी २० नोव्हेंबर होता, म्हणजे ऑक्टोबर महिन्याच्या ३बी विवरणपत्राची अखेरची तारीख. वीज नाही, दूरध्वनी नाही, संगणक बंद, सल्लागाराचे कार्यालय स्वतःच पाण्यात. नारळाचा व्यापारी झाडे मोजेल की बीजके? ती तारीख आली आणि गेली. केंद्र सरकारची अधिसूचना निघाली ती नोव्हेंबरच्या अखेरीस. तीनुसार तंजावर, तिरुवारूर, नागपट्टिनम्, पुदुक्कोट्टै आदी तमिळनाडूतील अकरा जिल्ह्यांना २० डिसेंबर २०१८ पर्यंत मुदत मिळाली. म्हणजे दिलासा मिळाला हे खरे, पण मूळ तारीख उलटून गेल्यावर; मधले दिवस प्रत्येकाने आपण कसूरदार ठरलो या समजुतीतच काढले. ज्यांनी वादळापूर्वीच, १० वा १२ तारखेला, विवरणपत्र भरून टाकले होते त्यांच्या चिंतांच्या यादीत ही एक ओळ तेवढी कमी होती.

महाराष्ट्रालाही असा अनुभव आहे. ऑगस्ट २०२५ मधील अतिवृष्टीमुळे मुंबई शहर व उपनगर, ठाणे, रायगड आणि पालघर या पाच जिल्ह्यांसाठी जुलै महिन्याच्या ३बीची मुदत २७ ऑगस्टपर्यंत वाढविण्यात आली. त्याच वर्षी ऑक्टोबरची २० तारीख दिवाळीत आल्यामुळे ती देशभर २५ वर गेली. परंतु या वाढी जिल्ह्याजिल्ह्यांपुरत्या, महिन्यापुरत्या आणि विवरणपत्रापुरत्या असतात. शेजारच्या जिल्ह्याला मिळालेली सवलत आपलीही समजणे, किंवा विवरणपत्राला मिळालेली वाढ करभरण्यालाही मिळाली असे धरून चालणे, या दोन्ही चुका वारंवार होतात. २०२५ मध्ये प्राप्तिकर विवरणपत्राची ३१ जुलैची तारीख आधी १५ सप्टेंबरवर गेली आणि १५ सप्टेंबरच्या रात्री उशिरा आणखी एका दिवसाची वाढ जाहीर झाली. त्याच १५ सप्टेंबरला आगाऊ कराचा दुसरा हप्ताही देय होता. त्या संध्याकाळी संगणकापुढे बसलेल्यांना विचारावे, संकेतस्थळावरील चक्र किती वेळ फिरत होते!

सुटीच्या दिवसाचा प्रश्नही नेहमी विचारला जातो. आगाऊ कराची अखेरची तारीख बँकेच्या सुटीवर आली तर पुढील कामकाजाच्या दिवशी भरल्यास व्याज लागत नाही, असे प्रत्यक्ष कर मंडळाने १९९४ मध्येच परिपत्रकाने स्पष्ट केले आहे. वस्तू व सेवा करात असे गृहीत धरणे धोक्याचे. तेथे अधिसूचना असल्याशिवाय तारीख हलत नाही, रविवार असो वा पोंगल.

बँकेच्या खिडकीतून

करभरण्याच्या बाबतीत बँकेचा ग्राहक ज्या एका बारकाव्याने फसतो तो असा, की चलन तयार करणे म्हणजे भरणा करणे नव्हे. वस्तू व सेवा कराचे चलन संकेतस्थळावर तयार केले की ते पंधरा दिवस वैध राहते. पण धरली जाते ती रक्कम सरकारी खात्यात जमा झाल्याची तारीख. शाखेच्या खिडकीवर रोख वा धनादेशाने कर भरण्यास एका करकालावधीसाठी दहा हजारांची मर्यादा आहे. त्यावरील रक्कम इंटरनेट बँकिंग, एनईएफटी वा आरटीजीएस अशा मार्गांनीच जाते. २० तारखेच्या संध्याकाळी एनईएफटी पाठवून निश्चिंत झोपणाऱ्याची रक्कम प्रत्यक्ष कधी पोहोचली, हे पावतीवरील क्रमांक आल्यावरच कळते. तो क्रमांक जपून ठेवावा. चालू खात्यातून दैनंदिन खर्च आणि कराची रक्कम एकत्र वाहू देण्यापेक्षा, विक्रीतून जमा झालेला वस्तू व सेवा कर दर आठवड्याला निराळ्या खात्यात वर्ग करणारे दुकानदार २० तारखेला उसनवारी करताना दिसत नाहीत. तो पैसा त्यांचा नव्हेच, वाटेत थांबलेला सरकारचा पैसा आहे.

दुसरी गोष्ट कर्जाची. लहान उद्योजक यंत्रासाठी वा खेळत्या भांडवलासाठी अर्ज घेऊन येतो तेव्हा मागील दोन-तीन वर्षांची विवरणपत्रे मागितली जातात. उशिरा भरलेले विवरणपत्र चालत नाही असे नाही. ३१ डिसेंबरपर्यंत ते विलंब शुल्कासह भरता येते, पाच लाखांपर्यंत उत्पन्न असल्यास एक हजार आणि त्यावर पाच हजार रुपये. पण उशिरा भरणाऱ्याला त्या वर्षीचा व्यवसायातील तोटा पुढील वर्षांच्या नफ्यातून वजा करण्याचा हक्क राहत नाही. वादळात वा मंदीत बुडालेल्या वर्षी विवरणपत्राची तारीख पाळणे सर्वांत अवघड असते आणि सर्वांत मोलाचेही त्याच वर्षी असते. ‘यंदा नफाच नाही, मग भरावयाचे काय?’ हा प्रश्न त्या दृष्टीने उलटा आहे.

तारखांच्या बाबतीत २०२६ हे वर्ष जरा जपून जाण्याचे आहे. १९६१ च्या कायद्याच्या जागी येणाऱ्या प्राप्तिकर अधिनियम, २०२५ च्या अमलाचा दिवस १ एप्रिल २०२६ हा आहे. पूर्ववर्ष आणि करनिर्धारण वर्ष ही जोडी, जिने पिढ्यान्‌पिढ्या चलनावर चुकीचे वर्ष लिहावयास लावले, ती जाऊन ‘कर वर्ष’ हा एकच शब्द राहतो. पण संक्रमणाच्या वर्षी गोंधळ दुहेरी आहे. २०२५-२६ च्या उत्पन्नाचे विवरणपत्र जुन्या कायद्याखाली आणि १५ जून २०२६ चा आगाऊ कर नव्या कायद्याखालील २०२६-२७ या कर वर्षासाठी. एकाच महिन्यात दोन चलने भरताना वर्षाची निवड दोनदा पाहावी. १ फेब्रुवारी २०२६ च्या अर्थसंकल्पात लेखापरीक्षण न लागणाऱ्या व्यावसायिकांना विवरणपत्रासाठी ३१ जुलैऐवजी ३१ ऑगस्टपर्यंत अवधी देण्याचा प्रस्ताव मांडला गेला. पगारदारांच्या साध्या विवरणपत्रांची तारीख ३१ जुलैच ठेवण्यात आली. आपले विवरणपत्र यांपैकी कोणत्या प्रकारात बसते, हे सल्लागाराकडून आधीच समजून घेतलेले बरे. ज्यांच्या हिशेबाचे लेखापरीक्षण होते त्यांची नेहमीची तारीख ३१ ऑक्टोबर आणि अहवाल त्याच्या महिनाभर आधी. २०२५ मध्ये हीदेखील १० डिसेंबरपर्यंत लांबली होती.

तंजावरच्या जवळजवळ प्रत्येक दुकानात गल्ल्यामागे तमिळ दिनदर्शिकेचा एक जाड गठ्ठा टांगलेला असतो, रोज एक पान फाडावयाचा. त्यावर तिथी, नक्षत्र आणि राहुकाल छापलेला असतो. सोमवारी सकाळी साडेसात ते नऊ, शुक्रवारी साडेदहा ते बारा. या वेळात नवा सौदा करू नये, एवढी शिस्त तेथील व्यापारी कसोशीने पाळतात. काही चतुर हिशेबनीस वर्षारंभीच हा गठ्ठा उलगडून दर महिन्याच्या ८, १७ आणि २२ या पानांवर लाल शाईने खूण करून ठेवतात. ११, २० आणि २५ या तारखांच्या तीन-तीन दिवस आधीची ती पाने. सकाळी दुकान उघडून पान फाडले की खूण समोर येते, आणि राहुकाल टळला की चहा मागविण्याआधी संगणक सुरू होतो.